अप गाडी खाली का उतरते?

दहिसरहून बोरिवलीला जाणाऱ्या धिम्या लोकलचा अंतर-काल आलेख काढा, असं नववीतल्या मुलांना सांगितलं की वहीत बहुतेक वेळा एक डोंगर उगवतो. रेघ वर चढते, माथ्यावर थोडी सपाट होते आणि पलीकडे उतरते. विचारलं तर उत्तर तयार असतं : "सर, गाडी सुटते, पिकअप घेते, मग ब्रेक मारून बोरिवलीला थांबते." वर्णनात चूक काढायला जागा नाही. चित्रही बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या आलेखाचं आहे. उभ्या अक्षावर लिहिलंय 'अंतर' आणि काढलाय वेग. अंतराचा आलेख म्हणून तोच डोंगर वाचला, तर गाडी बोरिवलीपर्यंत गेली आणि तशीच उलटी येऊन पुन्हा दहिसरला लागली असा अर्थ होतो. सकाळी आठच्या सुमारास असं काही घडलं तर काय होईल, हे दहिसरकरांना वेगळं सांगायला नको.

गेली काही वर्षं संध्याकाळी घरी चार-पाच मुलांना विज्ञान शिकवताना हा डोंगर मी इतक्यांदा पाहिला की ही आपल्याच मुलांची खोड असावी, अशी माझी समजूत झाली होती. शोधायला बसलो तेव्हा कळलं की हाच डोंगर सिएटलच्या कॉलेजांतही उगवतो आणि झाग्रेबच्या शाळांतही. गतीचे आलेख मुलांना का वाचता येत नाहीत, या प्रश्नावर चाळीसहून अधिक वर्षं संशोधन चाललंय. त्यातलं पक्कं हाती काय लागलं आणि वाद कुठे शिल्लक आहे, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

सुरुवात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून झाली, असं म्हणायला हरकत नाही. १९८० साली ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी विद्यार्थ्यांना दोन समांतर पट्ट्यांवरून घरंगळणारे दोन चेंडू दाखवले आणि विचारलं, या दोघांचा वेग कधी सारखा होतो का? अनेकांनी एक चेंडू दुसऱ्याला गाठतो तो क्षण दाखवला. शेजारी आले म्हणजे वेग सारखा झाला, असा त्यांचा हिशेब. पुढे १९८७ मध्ये मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच गोंधळ कागदावर पकडला. स्थान-कालाच्या आलेखावर दोन सरळ रेषा, एक जास्त तिरकी, एक कमी, मध्ये कुठेतरी एकमेकींना छेदणाऱ्या. दोन्ही वस्तूंचा वेग कधी सारखा असतो का? उत्तर 'कधीच नाही', कारण रेषा सरळ आहेत आणि चढ वेगवेगळे. विद्यार्थी मात्र छेदनबिंदूवर बोट ठेवतात.

आता हेच बोरिवलीच्या अलीकडे लोकलच्या खिडकीत बसून पाहा. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येते. तिची खिडकी आपल्या खिडकीला लागते, समोरच्याचा पेपर क्षणभर वाचता येतो आणि ती पुढे निघून जाते. हा छेदनबिंदू. कधी कधी मात्र शेजारची गाडी थांबल्यासारखी वाटते. दोन्ही गाड्या धावत असतात, पण समोरचा माणूस समोरच राहतो. याला म्हणतात वेग सारखा होणं. या दोन अनुभवांत लोकलच्या प्रवाशाची गल्लत होत नाही, मग तो सहावीतला असो की सहा महिन्यांत निवृत्त होणारा. गल्लत होते ती कागदावर. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ साली विद्यार्थ्यांच्या संदर्भ-चौकटींविषयीच्या कल्पनांवर निबंध प्रसिद्ध केला होता. चालतंय कोण आणि कोणाच्या नजरेतून, हा त्याचा विषय. आलेखाचा प्रश्न त्याच घरातला आहे, कारण आलेख काढण्याआधी अंतर कुठून मोजायचं ते ठरवावं लागतं.

१९९४ सालीच अमेरिकेत रॉबर्ट बाइकनर यांनी एकवीस बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. गतीचे आलेख कोणाला किती वाचता येतात हे मोजायला आजही जगभर तीच वापरतात. ज्यांचा हा भाग शिकून झाला होता अशा विद्यार्थ्यांची सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास आली. त्या आकड्यापेक्षा मला त्यांनी केलेली चुकांची वर्गवारी जास्त उपयोगी वाटते. मुलं आलेखाला रस्त्याचं चित्र समजतात. रेषेची उंची आणि रेषेचा चढ यांत गफलत करतात. स्थानाचा, वेगाचा आणि त्वरणाचा आलेख एकसारखाच दिसेल अशी अपेक्षा धरतात. वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि रेषा आरंभबिंदूतून जात नसली की चढ काढताना हमखास घसरतात.

ही शेवटची चूक जवळून बघण्यासारखी आहे. अंतर चर्चगेटपासून मोजू. दहिसर साधारण ३६ किलोमीटरवर, बोरिवली ३४ वर. आकडे हिशेबाच्या सोयीने गोळा केलेत, आणि या दोन स्टेशनांमध्ये ४ मिनिटं लागतात असं धरू. आलेखाची रेषा ३६ पासून निघते आणि चौथ्या मिनिटाला ३४ वर पोचते. वेग काढा म्हटलं की मुलगा शेवटचा बिंदू पकडतो, ३४ ला ४ ने भागतो आणि साडेआठ लिहून खाली दोन रेघा ओढतो. मिनिटाला साडेआठ किलोमीटर, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. दहिसरची धिमी लोकल! चढ म्हणजे एका बिंदूचा भागाकार नव्हे, दोन बिंदूंमधल्या फरकांचा. ३४ वजा ३६, भागिले ४, म्हणजे मिनिटाला उणे अर्धा किलोमीटर, ताशी उणे ३०.

आणि ते 'उणे' पाहिलं की पुढचा घोटाळा सुरू होतो. "म्हणजे गाडी स्लो होतेय ना सर?" नाही. गाडी चर्चगेटकडे चाललीय एवढंच. मुंबईत चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीला 'अप' म्हणतात, विरारकडे जाणारी 'डाउन'. आपण काढलेल्या आलेखावर अप गाडीची रेषा खाली उतरते आणि डाउन गाडीची वर चढते. हे सांगितल्यावर मुलं हसतात, आणि माझा अनुभव असा की ऋण चढ त्यानंतर ती सहसा विसरत नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या 'विस्थापनाची दिशा' या शब्दांनी जे होत नाही ते या विनोदाने होतं.

असा आलेख ही काही केवळ वर्गातली कवायत नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये इब्री नावाच्या अभियंत्याने पॅरिस-लियों मार्गाचं अख्खं वेळापत्रक तिरप्या रेषांनी एका कागदावर मांडलं होतं. मारे या शरीरशास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे ते जगभर पोचलं. आडवी वेळ, उभी स्टेशनं. जलद गाडीची रेषा खडी, धिमीची कललेली, थांबा म्हणजे आडवा तुकडा. आपल्या रेल्वेच्या कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलर हाच आलेख हाताने, रंगीत पेन्सिलींनी ओढत आले. आता ते काम बरंचसं संगणकावर होतं, पण मांडणी तीच. दोन रेषा कुठे छेदणार यावरून कोणती गाडी कुठे बाजूला घ्यायची ते ठरतं. छेदनबिंदूचा अर्थ 'वेग सारखा' असा घेणारा माणूस त्या खुर्चीवर एक पाळीसुद्धा टिकणार नाही.

मग शाळेतच हे इतकं जड का जातं? माझ्या मते थोडा दोष 'चढ' या शब्दाचा आहे. मराठी माणसाच्या कानाला चढ म्हणजे दम लागणं. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर ट्रक रांगायला लागतात आणि मागच्या गाड्या हॉर्न मारत बसतात. चढ आला की वेग कमी, उतार आला की जास्त, हे शरीरात मुरलेलं ज्ञान. आलेखात नेमकं उलटं. रेषा जितकी खडी तितकी गाडी वेगात, आणि उतार म्हणजे परत येणं. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नाही हे मुलाला तोंडपाठ असतं, पण शब्द त्याला पुन्हा रस्त्यावर नेऊन सोडतो. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. 'स्लोप' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बागेतली घसरगुंडी येते, आणि 'पॉझिटिव्ह स्लोप' ऐकून ती खाली जाणारी रेघ काढतात. 'चाल' या शब्दाविषयी तर बोलायलाच नको. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात असते, शत्रूचीही असते. भौतिकशास्त्रातली चाल त्या गर्दीत कुठेतरी उभी असते, अंग चोरून.

पण 'चढणे' या धातूचा दुसरा वापर आपल्या बाजूचा आहे. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून, तुळशी तलावाच्या बाजूने येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा ही नदीही काठावरच्या वस्त्यांत शिरली. अशा वेळी माणसं एकमेकांना दोन निरनिराळ्या गोष्टी विचारतात : पाणी किती चढलंय, आणि पाणी किती भरभर चढतंय? पहिला प्रश्न उंचीचा, भिंतीवरच्या ओल्या खुणेचा. दुसरा चढाचा. सामान माळ्यावर टाकायचं की पोरांना घेऊन तसंच निघायचं, ते दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. घोट्याएवढं पाणी जर दर दहा मिनिटांना वीतभर वाढत असेल, तर ते कमरेएवढ्या स्थिर पाण्यापेक्षा जास्त घाबरवतं. उंची आणि चढ यांतला फरक समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि ते ज्या मुलांना सांगायचं त्यांच्या घरात कोणी ना कोणी ती रात्र काढलेली असते. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांनी हा धडा राज्यभर शिकवायची संधी दवडली. 'वाढ मंदावली' या मथळ्याचा अर्थ 'रुग्ण कमी झाले' असाच बहुतेकांनी घेतला. रेषा वरच जात होती, फक्त तिचा चढ कमी झाला होता.

रेषा वाकडी झाली की प्रश्न आणखी खोल जातो. दर क्षणाला चढ बदलतोय, मग 'आत्ताचा' वेग म्हणजे काय? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची आजपासून उद्यापर्यंतची गती आणि 'तात्कालिकी' गती असा भेद केला आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. चंद्र इतका भरभर आणि असमान चालतो की दिवसभराची सरासरी धरून तिथीचा शेवट काढला तर वेळ चुकते, म्हणून त्या घटकेची गती हवी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. युरोपात चौदाव्या शतकात ओरेमने वेगाच्या उभ्या रेघा काळाच्या आडव्या रेषेवर उभ्या केल्या, तिथून आजच्या वेग-काल आलेखाकडे रस्ता गेला. भास्कराचार्यांपाशी आलेख नव्हता, ओरेमपाशी भास्कराचार्यांचं गणित नव्हतं, आणि नववीच्या मुलाला आपण दोन्ही एका तासिकेत देतो.

तेही उलट्या क्रमाने. आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलंच प्रकरण 'गतीचे नियम'. त्यात अमर, अकबर आणि अँथनी आपापल्या गाड्या घेऊन निघतात, त्यांच्या अंतरांचा तक्ता येतो, आलेख येतात. कल्पना झकास आहे. पण 'रेषेचा चढ' हा गणितातला रीतसर भाग येतो दहावीच्या निर्देशक भूमितीत, म्हणजे एक वर्ष उशिरा. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात हे गणितवाल्यांनी शिकवावं, गणितवाले म्हणतात आमच्याकडे अजून आलंच नाही.

पण गणित आधी आलं असतं तर प्रश्न सुटला असता का? इथे झाग्रेबच्या माया प्लानिनिच आणि सहकाऱ्यांचं काम डोळे उघडणारं आहे. त्यांनी २०१२ मध्ये चढाविषयीचे समांतर प्रश्न एकदा निव्वळ गणिताच्या आणि एकदा गतीच्या वेशात क्रोएशियातल्या शाळकरी मुलांना दिले. गणितातले प्रश्न मुलांना सोपे गेले, तेच भौतिकशास्त्रात अवघड. म्हणजे अडचण भागाकाराची नाही. चढ काढता येतो, पण तो चढ म्हणजे गाडीचा वेग, हे जोडता येत नाही. दहिसरलाही हेच दिसतं. दहावीत गेलेला मुलगा दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ अर्ध्या मिनिटात काढतो, आणि त्याच रेषेला लोकल म्हटलं की पुन्हा शेवटचा बिंदू धरून भागायला लागतो.

आता उपायांकडे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ध्वनिलहरींनी अंतर मोजणारी उपकरणं संगणकाला जोडली गेली. मूल उपकरणासमोर पुढे-मागे चालतं आणि पडद्यावर त्याच क्षणी त्याचा आलेख उमटतो. थॉर्नटन आणि सोकोलॉफ यांनी १९९० साली यातून चांगला फायदा झाल्याचं दाखवलं. त्याआधी १९८७ मध्ये हेदर ब्रासेल यांनी एक गंमत नोंदवली होती. आलेख वीस-तीस सेकंदांनी उशिरा दाखवला की फायदा जवळजवळ नाहीसा होतो. पाय थांबतात तेव्हाच रेघ सपाट होताना दिसली पाहिजे. आज हे काम फोनवर होतं. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे ॲप फुकट आहे. तरी यंत्रावर सगळा भरवसा ठेवू नये. रेघ उमटायच्या आधी 'कशी उमटेल?' हे मुलाने वहीत काढलेलं नसेल, तर तो खेळ होतो, धडा नाही.

मोठा वाद आहे तो वेगळाच. मुलांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना घट्ट बसलेल्या असतात आणि त्या उपटून काढायच्या, ही जुनी समजूत. आंद्रेया डिसेसा आणि त्यांच्या गटाने १९९१ मध्ये उलट बाजू मांडली. कॅलिफोर्नियातल्या सहावीच्या मुलांना त्यांनी एक गोष्ट दिली : वाळवंटातून भरधाव निघालेला तहानलेला मोटारवाला निवडुंग दिसताच थांबतो, पाणी पितो आणि हळूहळू पुढे जातो. हे चित्रात कसं दाखवाल? मुलांनी काही दिवस भांडत, एकमेकांच्या खुणा खोडत स्वतःच आलेखासारखं काहीतरी उभं केलं. अँड्र्यू एल्बी यांचं म्हणणं असं की रेषेला रस्ता समजणं ही पक्की चुकीची श्रद्धा नसते. जे डोळ्यांत भरतं तेच आधी वाचायचं, ही सवय असते, आणि कुठल्या प्रसंगी ती जागी होईल ते प्रश्नावर अवलंबून असतं. मी या दुसऱ्या पक्षाचा आहे. ज्याला चूक म्हणून तांबड्या शाईने गोल करतो, तो डोंगर काढणाऱ्या मुलाला गाडीचं वागणं पूर्ण कळलेलं असतं. त्याला फक्त अक्षावरचा शब्द वाचायला लावायचा असतो.

यंत्राशिवायही बरंच करता येतं. गेल्या हिवाळ्यात मी मुलांना दहिसर ते अंधेरी धिम्या गाडीत घड्याळ आणि वही घेऊन बसवलं. प्रत्येक स्टेशनाला गाडी थांबल्याची आणि सुटल्याची वेळ लिहायची. घरी येऊन आलेख काढला तर रेषा जवळजवळ सरळ आली आणि थांबे दिसेचनात, कारण अर्ध्या मिनिटाचा थांबा त्या प्रमाणावर पेन्सिलीच्या टोकाएवढाच. "सर, मग गाडी थांबलीच नाही का?" एका मुलीने विचारलं. त्या प्रश्नावर अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या प्रमाणावर फक्त बोरिवली-कांदिवली काढलं, आणि तिच्या रेषेला पायरी दिसली.

आता परीक्षेचं. आलेखाच्या प्रश्नाला गुण मिळतात ते प्रमाण लिहिल्याबद्दल, अक्षांना नावं दिल्याबद्दल, बिंदू नीट जोडल्याबद्दल. कोपऱ्यात 'एक्स-अक्ष : १ सेमी = १० मिनिटे' लिहिलं नाही तर गुण कापतात. रेषा काय सांगते हे लिहायला जागाच नसते. म्हणून नववीच्या शिक्षकांना एक विनंती. दहिसर पूर्वेहून आता मेट्रोचे दोन मार्ग सुटतात, आणि लोकल आहेच. पुढच्या घटक चाचणीत एक आयता काढलेला आलेख द्या : एकजण लोकलने अंधेरीकडे निघाला, दुसरा थोड्या वेळाने मेट्रोने, आणि दोन रेषा गोरेगावच्या आसपास छेदतात. भागाकार नको, प्रमाण नको. छेदतात तिथे काय झालं आणि काय झालं नाही, ते दोन वाक्यांत लिहायला सांगा, आणि त्याला निदान दोन गुण ठेवा.